८० ओलांडलेल्या रुग्णाचा सार्कोमा: गाठ लक्षात आल्यापासून पुढे काय आणि कसं करायचं

मांडीत गाठ असलेल्या ८५ वर्षांच्या आजींना घेऊन घरचे डॉक्टरांकडे जातात, तेव्हा घरात बहुतेक वेळा दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, "पिकलं पान आहे, आता चिरफाड नको." दुसरा, अनेकदा परदेशातला मुलगा किंवा मुलगी, फोनवरून सांगतो, "जे जे करता येईल ते सगळं करा, पैशांचं बघू." दोघांचीही माया खरी असते. पण पहिला जन्मतारीख बघून बोलतो आणि दुसरा रिपोर्ट बघून. आजी किती चालतात, काय खातात, त्यांना स्वतःला काय हवंय, याची चौकशी कुणीच केलेली नसते. माझ्या मते या वयातले उपचार चुकतात ते नेमके इथे. म्हणून खाली क्रमाने लिहिलंय ते घरच्यांसाठी. औषधं आणि डोस डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर काय ठेवायचं आणि त्यांना काय विचारायचं, हे आपल्या हातात असतं.

संशय कधी घ्यायचा

चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं अशा मऊ भागांत सुरू होणारा कर्करोग म्हणजे सॉफ्ट टिश्यू सार्कोमा. प्रौढांच्या सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम १ टक्का, पण प्रकार मात्र ५० हून अधिक. म्हातारपणी त्यातले थोडेच वारंवार दिसतात: अनडिफरन्शिएटेड प्लिओमॉर्फिक सार्कोमा, मिक्सोफायब्रोसार्कोमा, लायपोसार्कोमा, लायोमायोसार्कोमा. सगळ्यात जास्त वेळा जागा असते मांडी.

गाठ दुखत नाही म्हणून साधी, असं समजू नका. बरेच सार्कोमा सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण लिंबापेक्षा, मोठी असेल, वाढत असेल, खोल स्नायूत रुतलेली वाटत असेल, किंवा पूर्वी काढलेली गाठ त्याच जागी परत आली असेल, तर तपासणी लांबवू नका.

वृद्धांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, "पडल्यामुळे रक्त साकळलंय" हे निदान. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुका मार लागला की रक्त खरंच साकळतं, पण ते आठवडे जातील तसं कमी व्हायला हवं. दीड-दोन महिन्यांनीही सूज तेवढीच असेल किंवा वाढली असेल, तर आत दुसरं काही आहे का ते बघायलाच हवं. दुसरी, डोक्यावर किंवा कपाळावर पसरत जाणारा जांभळट-लाल डाग. तो मार लागल्यासारखा दिसतो, पण म्हाताऱ्या माणसांत तो अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सार्कोमा, असू शकतो. स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षं हात सुजलेला असेल आणि त्यावर असे डाग उठले, तरी तोच संशय घ्यायचा.

आणि कृपा करून गाठ चोळू नका. तेल लावून मालीश, गरम वीट, जडीबुटीचा लेप, यातलं काहीच नको.

चाकूआधी सुई

या आजारातलं सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच ऑपरेशनमध्ये होतं. कुणीतरी "चरबीची गाठ दिसते, पूर्ण भूल न देता अर्ध्या तासात काढून देतो" म्हणतं, गाठ काढली जाते, आणि दहा दिवसांनी रिपोर्टमध्ये सार्कोमा निघतो. तोवर कर्करोगाच्या पेशी त्या जागेच्या सगळ्या थरांत सांडलेल्या असतात. मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं करावं लागतं, त्वचा दुसरीकडून आणून लावावी लागते. तिशीतला माणूस हे सोसतो. पंच्याऐंशीच्या माणसासाठी ते दुसरं ऑपरेशनच झेपण्याच्या पलीकडचं ठरू शकतं.

म्हणून क्रम पाळा. आधी सोनोग्राफी, मग त्या भागाचा एमआरआय, मग ट्रू-कट बायप्सी. पेसमेकर असेल तर एमआरआयची तारीख घेतानाच सांगा. जुन्या पेसमेकरला एमआरआय चालत नाही आणि मग सीटी स्कॅनवर भागवावं लागतं. ट्रू-कटमध्ये जागेपुरती भूल देऊन जाड सुईने गाठीचे बारीक लांबट तुकडे काढतात. बहुतेक वेळा दाखल व्हावं लागत नाही. नुसत्या बारीक सुईने पाणी किंवा पेशी ओढण्याची तपासणी इथे बहुधा अपुरी पडते.

सुई कुठून घालायची, हे जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्याने ठरवावं. कारण ऑपरेशनच्या वेळी सुईचा तो मार्गही गाठीबरोबर कापून काढता यायला हवा. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगाव आहे. नीट जागा ठरवून केलेल्या बायप्सीत हा धोका अगदी नगण्य असतो. न तपासता गाठ कापण्याचा धोका कितीतरी मोठा.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा: सार्कोमाचा प्रकार आणि १ ते ३ मधली ग्रेड. ग्रेड जितकी जास्त तितका आजार आक्रमक. हे निदान अवघड असतं, म्हणून स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि सार्कोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. ब्लॉक रुग्णाचे असतात, मागायला संकोच नको. सार्कोमा पसरतो तो मुख्यतः फुफ्फुसांत, त्यामुळे छातीचा सीटी स्कॅन लागतोच.

कुठे जायचं, खर्च कसा भागवायचा

सार्कोमासाठी सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, किमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात असं ठिकाण निवडा. मुंबईचं टाटा मेमोरिअल आणि त्याचं खारघरचं केंद्र सगळ्यांना माहीत आहे. टाटामध्ये वृद्ध कर्करुग्णांसाठी वेगळी ओपीडीही आहे. विदर्भातल्यांना नागपूरची राष्ट्रीय कर्करोग संस्था जवळ पडते. टाटात मत घेऊन रेडिएशन आपल्या जिल्ह्याजवळ घेणं हा मार्ग या वयात फार सोयीचा असतो. तसं होईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

७० पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्नाची अट न लावता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी आधारवरून वय वंदना कार्ड काढावं लागतं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. रुग्णालयात शिरल्यावर आधी योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला गाठा. पैसे भरून झाल्यावर योजना लावून घेणं फार कठीण जातं. ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि कर्करुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो.

अंगात ताकद किती, हे मोजून बघा

८६ वर्षांचे एक आजोबा रोज शेतावर चालत जातात आणि दुसरे अंथरुणाला खिळलेले असतात. दोघांच्या केस पेपरवर वय मात्र एकच. म्हणून ठरवायचं ते शरीराच्या राखीव ताकदीवरून.

वृद्धांच्या कर्करोगात जी-८ नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. भूक, घटलेलं वजन, चालणं-फिरणं, स्मरण आणि मनःस्थिती, उंचीच्या मानाने वजन, औषधांची संख्या, स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःचं मत आणि वय असे आठ मुद्दे, एकूण १७ गुण. १४ किंवा त्याहून कमी आले तर सविस्तर तपासणी करायची. "यांचं जेरिअॅट्रिक असेसमेंट होईल का?" असं सरळ विचारा.

एक चाचणी घरी करून नेता येते. हाताच्या खुर्चीवर बसवा, उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगा. मोबाईलवर वेळ लावा आणि जवळ उभे राहा. काठी नेहमी लागत असेल तर ती असू द्या. १० सेकंदांच्या आसपास काम झालं तर उत्तम. २० च्या वर गेलं तर तोल आणि पायांची ताकद दोन्ही कमी आहेत, आणि ते ऑपरेशनआधी सर्जनला कळायला हवं.

मूत्रपिंडाबद्दल जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो घटक) १.० लिहिलेलं असतं, शेजारी "नॉर्मल" असतं, आणि सगळे निश्चिंत होतात. पण वय ८५, वजन ४२ किलो अशा बाईंचा हिशोब करा. १४० मधून वय वजा केलं की ५५. गुणिले वजन ४२ म्हणजे २,३१०. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागलं की ३२. बाई असल्याने गुणिले ०.८५, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटर रक्त साफ करतात. तरुण निरोगी माणसाचा हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. म्हणजे "नॉर्मल" क्रिएटिनिन असूनही मूत्रपिंडांचं काम पाव भागावर आलेलं आहे, कारण अंगात स्नायूच कमी उरल्याने क्रिएटिनिन तयारच कमी होतं. स्कॅनच्या वेळी शिरेतून द्यायचं औषध, किमो, दुखण्याच्या गोळ्या, मॉर्फिन, सगळ्यांचे निर्णय या २७ वर बदलतात. हा आकडा फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्णं, झोपेची गोळी, मेडिकलमधून आपणच आणलेली दुखण्याची गोळी, सगळं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ती किती दिवस आधी थांबवायची हे गोळीप्रमाणे वेगळं असतं आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं.

तपासण्यांत दोन-तीन आठवडे जातात. ते वाया घालवू नका. आजारी माणसाला पेज आणि वरणाचं पाणी देण्याची आपली पद्धत इथे घातक ठरते, कारण त्यात प्रथिनं फारच कमी असतात. किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. अंडी, दूध, दही, पनीर, घट्ट वरण, उसळ, चालत असेल तर मासे, हे दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा.

त्यांना सांगा, त्यांना विचारा

"आईला कॅन्सर म्हणून सांगू नका, ती खचेल." डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी घरचे हे कानात सांगतात. मनात काय असतं ते कळतं, पण याचा परिणाम असा होतो की ज्यांच्या अंगावर गाठ आहे त्यांना सोडून बाकी सगळे निर्णय घेतात. आणि ज्या बाईने आयुष्यात तीन बाळंतपणं, एक दुष्काळ आणि नवऱ्याचं आजारपण निभावलंय, तिला घरातली कुजबुज कळत नाही असं मानणं बरोबर नाही.

एका दमात सगळं सांगायची गरज नाही. "आजी, या गाठीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" इथून सुरुवात करा. "सगळं सविस्तर ऐकायला आवडेल, की मोठ्या मुलाशी बोलू?" हे विचारा. काही जणी खरंच म्हणतात, "तूच बघ." तोही त्यांचाच निर्णय, आणि तो मानायचा. ज्यांना ऐकायचं आहे त्यांना पुढचा प्रश्न: "तुम्हाला सगळ्यात जास्त काय टिकायला हवं?" उत्तरं नेमकी असतात. स्वतःच्या पायाने संडासला जाता यावं. नातीच्या लग्नाला बसता यावं. दवाखान्यात मरायचं नाही. उपचारांची दिशा याच उत्तरांनी ठरते. स्वतःच्या पायाने जायचंय म्हणणाऱ्या आजींना गाठ वाढू देणं परवडणारं नाही, कारण मांडीतली गाठ वाढत गेली की नेमका पायच जातो. त्यांच्यासाठी ऑपरेशन हा आरामाचाच मार्ग असू शकतो.

परदेशातल्या मुलांना या भेटीत व्हिडिओ कॉलवर घ्या. नंतर फोनवरून सांगितलेलं अर्धं पोचतं आणि भांडणं तिथून सुरू होतात.

ऑपरेशन

आजार पसरलेला नसेल तर गाठ सभोवतीच्या निरोगी भागासकट काढणं हा मुख्य उपचार. पाय किंवा हात कापावाच लागतो ही जुनी समजूत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अवयव कापणं आणि अवयव राखून ऑपरेशन अधिक रेडिएशन यांची तुलना झाली. रुग्ण ४३ च होते, पण जगण्यात फरक आढळला नाही, आणि तेव्हापासून अवयव वाचवणं हाच शिरस्ता झाला. मांडी-पायाचं ऑपरेशन अनेकदा कमरेत इंजेक्शन देऊन करता येतं, ते भूलतज्ज्ञांना विचारा.

उलट, मंद वाढणारी चरबीची गाठ, जिला ॲटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर म्हणतात, ती हातापायात असेल आणि त्रास देत नसेल तर ९० च्या माणसात तिला हात न लावता नुसतं लक्ष ठेवणं पूर्ण योग्य ठरू शकतं. पोटामागचा सार्कोमा वेगळा. तिथे गाठीबरोबर मूत्रपिंड, आतडं काढायची वेळ येते आणि या वयात तो निर्णय फार जपून घ्यावा लागतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री घरच्यांसाठी सगळ्यात कठीण. काल शुद्धीवर असलेले आजोबा रात्री बरळू लागतात, नळ्या उपसतात, मुलाला ओळखत नाहीत. हे वेड नव्हे. याला डिलिरियम म्हणतात, वृद्धांत ते नेहमी आढळतं आणि बरंचसं टाळताही येतं. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी ऑपरेशननंतर लगेच परत लावा. उशाशी घड्याळ ठेवा. ओळखीचं माणूस रात्री शेजारी असू द्या, आणि "तुम्ही दवाखान्यात आहात, ऑपरेशन झालंय, सगळं ठीक आहे" हे न कंटाळता सांगत राहा. लघवीची नळी कधी निघेल ते रोज विचारा. झोपेचं इंजेक्शन मागू नका, त्याने अनेकदा बरळणं वाढतं. लघवी अडली आहे का, दुखतंय का, ताप आहे का, हे नर्सला बघायला सांगा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवा.

रेडिएशन

जुन्या लोकांच्या भाषेत "लाईट". गाठ मोठी, खोल किंवा वरच्या ग्रेडची असेल तर ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर देतात. आधी द्यायचं तर सहसा २५ वेळा, पाच आठवडे, एकूण ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप). नंतर द्यायचं तर सहा ते सात आठवडे, ६० ते ६६ ग्रे. कॅनडातल्या २००२ च्या चाचणीत आधी रेडिएशन दिलेल्या ३५ टक्के रुग्णांत जखमेचा त्रास झाला, नंतर दिलेल्यांत १७ टक्के. पण नंतर दिलेल्यांत पुढे अवयव आखडण्याचं प्रमाण जास्त. मधुमेह असलेल्या, कातडी कागदासारखी पातळ झालेल्या माणसात हा जखमेचा मुद्दा जड ठरतो.

रोज यंत्राखाली काही मिनिटंच जातात. त्रास होतो तो येण्या-जाण्याचा. म्हणून एकच प्रश्न लक्षात ठेवा: "पाच दिवसांत संपणारा कोर्स यांच्यासाठी चालेल का?" दर वेळी ५ ग्रे असे पाच डोस ऑपरेशनआधी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते आणि फार वृद्ध रुग्णांत तिचा विचार होतो. ऑपरेशन झेपणारच नसेल तर फक्त रेडिएशननेही गाठ काही काळ आटोक्यात ठेवता येते.

औषधं

आजार फुफ्फुसात गेलेला असेल तर प्रश्न किमोचा येतो. मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन हृदयावर येतं, म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतेच. आयफॉस्फामाइड ८० च्या पुढे मेंदू आणि मूत्रपिंडाला इतकं जड जातं की ते सहसा टाळतात. पॅझोपॅनिब ही गोळी आहे. जर्मन सार्कोमा गटाने ६० वर्षांवरील रुग्णांत केलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने आजार रोखण्यात डॉक्सोरुबिसिनच्या तोडीचं काम केलं, आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरण्याचं प्रमाण फार कमी राहिलं. मात्र ती रिकाम्या पोटी घ्यायची, रक्तदाब आणि लिव्हर वारंवार तपासायचं, आणि रोज सकाळची "गॅसची गोळी" चालू असेल तर ते सांगायचंच. पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी हे औषध अंगी नीट लागत नाही. लायपोसार्कोमात ही गोळी वापरत नाहीत. अँजिओसार्कोमात दर आठवड्याला थोडं पॅक्लिटॅक्सेल देतात, ते बऱ्याच वृद्धांना सोसतं. फुफ्फुसात दोन-चार बारीक, मंद वाढणाऱ्या गाठी असतील आणि धाप लागत नसेल, तर काही महिने काहीही न देता फक्त स्कॅन बघत राहणं हाही उपचारच आहे.

आजार बरा होणार नसेल तेव्हा

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना शेवटच्या आठवड्यात बोलावू नका, निदान झालं की लगेच भेटा. पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणारं सिप्लाचं केंद्र ही सेवा मोफत देतं. मुंबईत वांद्र्याला आणि गोव्यातही शांती आवेदना सदन आहे.

मॉर्फिनला घाबरू नका. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य प्रमाणात घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. बद्धकोष्ठ मात्र नक्की होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करा. मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी किंवा औषध वेगळं लागतं, तो २७ चा आकडा इथे पुन्हा दाखवा. गाठ फुटून वास येत असेल तर जखमेवर मेट्रोनिडाझोल लावल्याने खूप फरक पडतो. रक्त येत राहिलं तर रेडिएशनचा एखादा डोसही ते थांबवू शकतो, त्यासाठी विचारणा करा.

व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, असं रुग्णाचं म्हणणं असेल तर ते शुद्धीवर असताना लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. त्यात आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं लिहायची असतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या, एक फाईलच्या पहिल्या पानाला लावा, आणि फोटो काढून घरातल्या सगळ्यांना, दूरच्या मुलांनाही, पाठवून ठेवा. मध्यरात्री अँब्युलन्स बोलावण्याची वेळ आली, तर त्या वेळी घरात जो असेल त्याच्या मोबाईलमध्ये तो कागद असायला हवा.